युद्धकालीन लष्करी व आरमारी टपालावरील शिक्के : त्यांची परीक्षा व त्यांचें मोल

१. प्रयोजन

मराठी कागदपत्रांच्या अभ्यासकास पत्राचें बहिरंग वाचण्याची संवय असते. अक्षराचें वळण, कागद, चंद्र, शुहूर सन, मायना, मोर्तब आणि मुक्काम यांवरून एखादें बिनसालाचें पत्र कोणत्या मोहिमेंतील आहे, हें तो ठरवितो. कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हांपासून ही परीक्षापद्धति महाराष्ट्रांत रुजली व वाढली. परंतु याच महाराष्ट्रांत, पुणें, सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, बेळगांव या प्रांतांतील घरांतून, असा एक पत्रसमूह पडून आहे कीं त्याकडे या दृष्टीनें अद्याप फारसें कोणी पाहिलेलें नाहीं. हा पत्रसमूह म्हणजे १९१४-१८ व १९३९-४५ या दोन महायुद्धांत परमुलखीं गेलेल्या शिपायांनीं व खलाशांनीं घरीं पाठविलेलीं पत्रें, कार्डें व मनिऑर्डरींचीं कूपनें. तीं नवीं म्हणून संशोधक त्यांस हात लावीत नाहींत. आणि जुनीं म्हणून घरचीं माणसें तीं टाकून देतात.

पेशवाईंतील लष्करांतून आलेल्या पत्रांत मुक्काम लिहिण्याचा प्रघात होता. कारण पुण्यास फौज कोठें आहे हें कळावें, हाच त्या लिहिण्याचा एक हेतु असे. विसाव्या शतकांतील युद्धांत उलट नियम झाला. शिपायानें स्थळ लिहूं नये, डाकघरानें तें शिक्क्यांत दाखवूं नये, आणि तपासनिसानें चुकून लिहिलें गेलेलें खोडून टाकावें. त्यामुळें या पत्रांचा मुक्काम मजकुरांत सांपडत नाहीं. तो लखोट्यावरील ठशांवरूनच काढावा लागतो. तो कसा काढावा, हें प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें : लष्करी शिक्क्यांतील क्रमांक हें गांवाचें नांव नसून एका फिरत्या कचेरीचें नांव आहे. तो एकटा कांहीं सिद्ध करीत नाहीं. क्रमांक, तारीख, पलटण आणि घरच्या डाकघराचा पोंचल्याचा ठसा या चौघांची साक्ष एकत्र घेतली, म्हणजे त्या दिवशीं तो मनुष्य कोठें होता हें बहुधा ठरतें. आणि ज्याचें नांव कोणत्याहि दगडावर कोरलेलें नाहीं अशा शिपायाच्या बाबतींत, ही साक्ष हाच कदाचित् त्याचा एकुलता एक लेख असूं शकतो.

२. फौजेबरोबरचें डाकघर

१८५६ सालीं मुंबईहून इराणी आखातांतील बुशायर बंदरावर फौज गेली. तिच्याबरोबर डाकघर होतें. हिंदी लष्करी टपालाचा आरंभ तेथपासून मानण्याची परंपरा आहे. १८६७-६८ च्या हबसाणच्या स्वारींत मुंबई इलाख्यांतूनच सैन्य निघालें. त्या वेळच्या टपालावर 'एफ्. एफ्.', म्हणजे 'फील्ड फोर्स', अशीं आद्याक्षरें असलेला शिक्का आढळतो. १९०० सालीं चीनवर जी फौज धाडली गेली, तिच्याकरितां हिंदी तिकिटांवर 'सी. ई. एफ्.' अशीं अक्षरें छापण्यांत आलीं. १९१४ सालीं पहिलें महायुद्ध सुरू झालें, तेव्हां त्याच धर्तीवर 'आय्. ई. एफ्.', म्हणजे 'इंडियन एक्स्पेडिशनरी फोर्स', हीं अक्षरें पंचम जॉर्जच्या तिकिटांवर छापलीं गेलीं.

या मोहिमी फौजांस अक्षरें दिलेलीं होतीं, तीं ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. 'ए' फ्रान्समध्यें, 'बी' व 'सी' पूर्व आफ्रिकेंत, 'डी' इराकांत, ज्यास त्या वेळीं मेसोपोटेमिया म्हणत, 'ई' व 'एफ्' मिसर व सुवेझच्या बाजूस, आणि 'जी' गॅलिपोलीस. शिपायाच्या पत्त्यांत 'फोर्स डी' एवढेंच शब्द असले, तरी तो तैग्रिस नदीच्या बाजूस आहे हें घरच्यांस कळे. परंतु बसऱ्यास आहे कीं बगदादच्या वाटेवर आहे, हें कळत नसे.

फौजेच्या टपालाची रचना दोन पायऱ्यांची असे. समुद्राजवळच्या सुरक्षित बंदरांत 'बेस ऑफिस' असे. तेथें देशांतून आलेल्या पिशव्या फुटत आणि पलटणवार वांटणी होई. तेथून पुढें ब्रिगेडीबरोबर व डिव्हिजनीबरोबर 'फील्ड पोस्ट ऑफिस' चाले. एका तंबूंत, बैलगाडींत किंवा नदीवरील बोटींत हें डाकघर मांडलें जाई. त्यांतील कारकून हिंदुस्थानच्या डाकखात्यांतील नोकरच असत. युद्धापुरता त्यांस लष्करी दर्जा मिळे. फौज पुढें सरकली म्हणजे कारकून, पेट्या व शिक्का हीं सर्व पुढें सरकत. यावरूनच पहिला नियम निघतो : एका क्रमांकाचा शिक्का मे महिन्यांत एका गांवीं आणि सप्टेंबरांत दुसऱ्या गांवीं असूं शकतो. क्रमांकाचा कोष्टक करावयाचा तर त्यास तारखेचा रकाना असलाच पाहिजे.

३. लखोट्यावरील चार साक्षी

पहिली साक्ष डाकघराच्या तारखी शिक्क्याची. हिंदी डाकघराच्या शिक्क्यांत बहुधा 'एफ्. पी. ओ. नं.' अशीं आद्याक्षरें व पुढें आंकडा असतो. ब्रिटिश सैन्याच्या शिक्क्यांत बहुधा 'फील्ड पोस्ट ऑफिस' किंवा 'आर्मी पोस्ट ऑफिस' हे शब्द पूर्ण असतात. हिंदी पलटणी ब्रिटिश डिव्हिजनींत व ब्रिटिश पलटणी हिंदी डिव्हिजनींत लढत असल्यामुळें, शिपाई हिंदी म्हणून शिक्का हिंदीच असेल असें नाहीं.

दुसरी साक्ष तिकिटाची किंवा तिकीट नसल्याची. रणभूमीवरील शिपायाचें साधें पत्र विनामूल्य जात असे; त्यावर 'ऑन अॅक्टिव्ह सर्व्हिस' हे शब्द हातानें लिहिलेले किंवा छापलेले असतात. असें बिनतिकिटाचें पत्र नॉटपेड समजून घेऊं नये. डाकघरानें त्यावर दंडाचा ठसा मारलेला नसतो. 'आय्. ई. एफ्.' छापाचीं तिकिटें मुख्यतः रजिस्टर पत्रें व पार्सलें यांकरितां लागत. म्हणून साध्या पत्रावर सगळ्या किंमतींच्या तिकिटांची ओळ लावलेली दिसली, तर तें पत्र शिपायानें घरीं धाडण्याऐवजीं कोणी संग्राहकानें स्वतःच्या हौसेकरितां करवून घेतलें असण्याचा संभव अधिक. तें खोटें नव्हे. पण त्यावरून शिपायाच्या व्यवहाराचें अनुमान करूं नये.

तिसरी साक्ष तपासनिसाच्या ठशाची, ज्यास लोक 'सेन्सॉरचा शिक्का' म्हणतात. त्याचा आकार वर्षा-दोन वर्षांनीं बदलण्यांत येई, कारण जुना आकार शत्रूच्या किंवा लबाडाच्या हातीं पडण्याचें भय असे. या ठशांतील आंकडा डाकघराचा नसून तो ठसा ज्या अधिकाऱ्याच्या किंवा कचेरीच्या हवालीं केला त्याचा असतो. डाकघराचा क्रमांक व सेन्सॉरचा क्रमांक यांची गल्लत करणें, ही या विषयांतील सर्वांत सामान्य चूक होय. हिरव्या लखोट्यांचा प्रकार याहून निराळा. त्यांतील मजकूर खाजगी आहे अशी शिपायानें शपथपूर्वक सही केली कीं पलटणींतील अधिकारी तो उघडीत नसे, फक्त पिछाडीच्या कचेरींत तो उघडला जाण्याचा संभव राही.

चौथी साक्ष पाठीमागील ठशाची. हिंदुस्थानांत पत्र पोंचलें म्हणजे वांटणीच्या डाकघरानें आपल्या तारखेचा ठसा मारावयाचा, असा प्रघात फार दिवस होता. 'पूना सिटी', 'सातारा', 'रत्नागिरी' असा जो ठसा लखोट्याच्या पाठीवर दिसतो, तो याच कारणानें. पुढील तारीख व मागील तारीख यांतील अंतर म्हणजे प्रवासाचा काळ. बसऱ्याहून मुंबईस येणारें पत्र आणि मार्सेल्सहून मुंबईस येणारें पत्र यांस सारखाच वेळ लागणें शक्य नाहीं. म्हणून पुढील शिक्का पुसट असला तरी हें अंतर पुष्कळ वेळां वाट दाखवितें.

या चौघांशिवाय कांहीं ठसे केवळ दिशाभूल करणारे असतात. रेल्वे मेल सर्व्हिसच्या शिक्क्यांतहि अक्षर, आंकडा व 'सेट' हा शब्द असतो. तो लष्करी नव्हे. 'एक्स्पेरिमेंटल पी. ओ.' हा शिक्का गांवांत प्रयोगादाखल उघडलेल्या साध्या डाकघराचा होय. 'सी पोस्ट ऑफिस' हा शिक्का पाहून आरमाराची कल्पना होते. परंतु मुंबईहून निघालेल्या डाकेच्या बोटीवर पत्रांची निवड करणाऱ्या मुलकी कचेरीचा तो ठसा आहे, व ती व्यवस्था १९१४ सालीं युद्ध पेटतांच थांबली.

४. 'पूना' या शब्दाविषयीं

पुणेंकर वाचकांस एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. लखोट्यावर 'पूना' हा शब्द दिसला म्हणजे त्याचा संबंध या शहराशीं जोडण्याचा मोह होतो. पण 'पूना सिटी' हा शिक्का निराळा, 'सहावी (पूना) डिव्हिजन' हें सैन्यविभागाचें नांव निराळें, आणि 'पूना हॉर्स' हें रिसाल्याचें नांव त्याहून निराळें. पहिल्या महायुद्धांत पूना हॉर्स फ्रान्समध्यें गेला, आणि त्यांतील स्वार राजपुतान्याकडील राठोड, कायमखानी इत्यादि होते. तेव्हां 'पूना हॉर्स' असा शेरा असलेलें पत्र जोधपुराकडील एखाद्या घरचें असण्याचा संभव पुण्यांतील घरापेक्षां अधिक.

उलट, सहाव्या डिव्हिजनींत तीन मराठा पलटणी होत्या : १०३ वी, ११० वी व ११७ वी. या डिव्हिजनीचा प्रवास निश्चित ठाऊक असल्यामुळें तिच्या टपालाची परीक्षा उत्तम प्रकारें करतां येते. ६ नोव्हेंबर १९१४ रोजीं तिची पहिली ब्रिगेड फाव येथें उतरली. २२ नोव्हेंबरास बसरा हातीं आलें. ९ डिसेंबरास कुर्ना पडलें. १९१५ च्या एप्रिलांत जनरल टाउनशेंड याजकडे डिव्हिजनीचें आधिपत्य आलें. ३ जूनला अमारा, सप्टेंबरअखेर कूट-अल्-अमारा, आणि २२ नोव्हेंबर १९१५ रोजीं टेसिफोनची लढाई. तेथून माघार घेऊन ३ डिसेंबरास फौज कुटास परतली. ७ डिसेंबरास वेढा पूर्ण झाला. आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं, अन्न संपल्यावर, सुमारें तेरा हजार माणसें तुर्कांच्या स्वाधीन झालीं. त्यांत बहुसंख्य हिंदी होते.

हें दिनमान हातांत असतां पत्र कसें बोलतें तें पहावें. ११० व्या पलटणींतील शिपायाचें पत्र जून १९१५ च्या मध्यावरील तारखेचें असेल, तर अमाऱ्याची बाजू प्रथम विचारांत घ्यावी. तेंच पत्र ऑक्टोबराचें असेल, तर कूट किंवा त्याच्या वरची वाट. परंतु त्यावर जानेवारी १९१६ चा फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का असेल तर थांबून विचार करावा लागतो; कारण वेढ्यांतून नियमित डाक बाहेर पडत नव्हती. अशा पत्राचे तीनच अर्थ संभवतात : तो शिपाई जखमी किंवा आजारी होऊन वेढ्यापूर्वींच खालीं बसऱ्याकडे आला होता, अथवा नव्या भरतीबरोबर येऊन वेढा उठविण्यास निघालेल्या फौजेंत होता, अथवा शिक्का व लखोटा एकमेकांचे नाहींत. पहिल्या दोहोंपैकीं कोणता, हें पत्रांतील एखाद्या वाक्यानेंच ठरेल. म्हणून लखोटा व पत्र कधींहि वेगळीं करूं नयेत.

२९ एप्रिलनंतर याच माणसांचें टपाल युद्धकैद्यांचें झालें. १९०७ च्या हेग करारान्वयें कैद्यांच्या पत्रांस टपालहंशील माफ होतें. तुर्की राज्यांतील कैद्यांचीं पत्रें 'हिलाल-इ-अहमर', म्हणजे तांबड्या चंद्रकोरीची संस्था, हिच्या मार्फत जात. त्यांवर अरबी लिपींतील तपासणीचे ठसे असतात. ब्रिटिश अधिकारी अनातोलियांतील गांवीं ठेवले गेले. साधे हिंदी शिपाई मात्र मोठ्या संख्येनें रास-अल्-ऐनच्या बाजूस बगदाद रेल्वेच्या कामावर लावले गेले, आणि त्यांतील बरेच परत आले नाहींत. या ठशांतील सन रूमी असल्यास आमच्या वाचकांस कालगणनेचें ओळखीचेंच काम पडेल : मार्च ते डिसेंबर या महिन्यांत रूमी सनांत ५८४ मिळविले कीं इसवी सन येतो, आणि १९१७ च्या मार्चपूर्वींच्या तारखांत आणखी १३ दिवसांचा फरक धरावा लागतो. फसली व शुहूर सनांत वावरलेल्यांस हें कठीण नाहीं.

५. लंडनांतील उतारे व येथील मूळ पत्रें

फ्रान्समधील हिंदी शिपायांचीं पत्रें उर्दू, गुरुमुखी, हिंदी, मराठी अशा अनेक भाषांत व लिपींत असत. पलटणींतील इंग्रज अधिकाऱ्यास तीं सर्व वाचतां येणें शक्य नव्हतें. म्हणून १९१४ च्या अखेरीस हॉवेल नांवाच्या अधिकाऱ्याच्या हाताखालीं हिंदी टपालाच्या तपासणीची स्वतंत्र कचेरी उभी राहिली. तिचें काम पुढें मुख्यतः बूलोन येथून चाललें. तेथें निवडक पत्रांचे इंग्रजी उतारे करून वेळोवेळीं अहवाल लिहिण्यांत येई. हे अहवाल १९१८ पर्यंत चालले, आणि आज लंडन येथील ब्रिटिश लायब्ररींत सुरक्षित आहेत. त्यांतील निवडक उतारे डेव्हिड ओमिसी यांनीं १९९९ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. उताऱ्याबरोबर लिहिणाऱ्याचें व घेणाऱ्याचें नांव, पलटण, जिल्हा, भाषा व तारीख हीं दिलेलीं असतात.

येथें एक चमत्कारिक स्थिति उत्पन्न झाली आहे. तपासणींत अडकवून न ठेवलेलें मूळ पत्र पुढें गांवीं गेलें. तपासनिसापाशीं फक्त भाषांतर राहिलें. म्हणजे शिपायाचे स्वतःचे शब्द, मोडींत असोत वा बाळबोधींत, जर कोठें उरले असतील तर ते इकडच्या एखाद्या पेटींत. आणि जगास ठाऊक आहे तें इंग्रजी रूपांतर. एकहि मूळ मराठी पत्र त्याच्या उताऱ्याशीं जुळवितां आलें, तर भाषांतरकारानें काय गाळलें, काय मवाळ केलें व काय चुकीचें वाचलें, हें प्रथमच प्रत्यक्ष तपासतां येईल. ही जुळणी करावयाची तर शिक्क्यावरील तारीख व पलटणीचें नांव हींच किल्ली आहे. तारीख फाडून तिकीट काढून घेतलेला लखोटा या कामीं निरुपयोगी.

फ्रान्सच्या टपालासंबंधीं आणखी एक कसोटी : हिंदी पायदळ १९१५ च्या अखेरीस फ्रान्समधून हालविण्यांत आलें, रिसाले मात्र १९१८ च्या वसंतऋतूपर्यंत राहिले. पायदळाच्या शिपायाचें १९१७ सालचें फ्रान्समधील पत्र समोर आल्यास, तो दुसऱ्या एखाद्या दलांत किंवा कामावर होता काय, हें आधीं पहावें.

६. आरमारी टपाल

आरमाराच्या पत्रांची परीक्षा याहून कठीण. फौजेच्या डाकघरास निदान क्रमांक तरी असतो. जहाजाचें टपाल पिशवींत बंद होऊन जें बंदर लागेल तेथें उतरे, आणि तेथील डाकघर त्यावर असा ठसा मारी कीं त्यांत गांवाचें नांवच नसे. नुसत्या रेघा, वर्तुळें किंवा नांव काढून टाकलेला तारखी शिक्का, अशा या ठशांस 'मुका शिक्का' म्हणणें योग्य होईल. जहाजाचें नांव कळलें तर तें कोणत्या समुद्रांत आहे हें कळेल, म्हणून ही मुकेपणाची युक्ति. ब्रिटिश टपालांत 'रिसीव्ह्ड फ्रॉम एच्. एम्. शिप्स' असा ठसा आढळतो, व त्याबरोबर हंशील घेऊं नये असाहि शेरा असतो. दुसऱ्या महायुद्धांत 'पोस्ट ऑफिस मेरीटाइम मेल' हे शब्द असलेला यंत्राचा शिक्का आला. 'पाकबो' हा फ्रेंच शब्द असलेला ठसा मात्र व्यापारी किंवा उतारूंच्या जहाजावर टाकलेल्या साध्या पत्राचा असतो. तो आरमारी समजूं नये.

जहाजाच्या नांवामागील आद्याक्षरें काळ दाखवितात. 'आर्. आय्. एम्. एस्.' हीं रॉयल इंडियन मरीनचीं. पहिल्या महायुद्धांतील 'डफरिन', 'हार्डिंज', 'नॉर्थब्रुक' हीं जहाजें या वर्गांतलीं. २ ऑक्टोबर १९३४ रोजीं त्या दलाचें रॉयल इंडियन नेव्ही असें नामांतर झालें. तेव्हांपासून १९५० च्या जानेवारीपर्यंत 'एच्. एम्. आय्. एस्.', आणि प्रजासत्ताक झाल्यावर 'आय्. एन्. एस्.'. या दलांतील खलाशांचा भरणा दुसऱ्या महायुद्धाच्या आधीं मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यांतून होत असे. म्हणून कोंकणांतील घरांत अशीं पत्रें मिळण्याचा संभव मोठा आहे. मुका शिक्का असलेलें पत्र कोंकणांत सांपडलें तर पाठीवरील पोंचल्याचा ठसा हीच एकमेव निश्चित तारीख व स्थळ देणारी खूण असते.

रुग्णनौकांचें टपाल हा याच वर्गाचा एक पोटभेद. 'लॉयल्टी' ही रुग्णनौका १९१४ सालीं ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनीं विकत घेऊन हिंदी संस्थानिकांच्या वतीनें युद्धास दिली. अशा नौकेवरून लिहिलेल्या पत्रांत जहाजाचें नांव आढळल्यास तें टांचून ठेवावें. कारण जखमी शिपाई पलटणीच्या कागदांतून नाहींसा होऊन रुग्णालयाच्या कागदांत केव्हां गेला, हें अशाच पत्रावरून कळतें.

७. पलटणीच्या नांवावरून कालनिर्णय

शिक्का वाचतां येत नसेल तर पलटणीचें नांव उपयोगी पडतें. १९२२ सालीं मराठा पलटणींची पुनर्रचना होऊन १०३ वी, १०५ वी, ११० वी, ११६ वी व ११७ वी या अनुक्रमें पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या ते पांचव्या पलटणी झाल्या, आणि ११४ वी शिक्षणाची दहावी पलटण झाली; रेजिमेंटचें ठाणें बेळगांव येथें झालें. तेव्हां '११० वी मराठा' असा पत्ता पहिल्या युद्धाचा, आणि '३/५ मराठा' असा पत्ता त्यानंतरचा. पत्त्यांतील अपूर्णांकासारखे आंकडे डाकघराचे समजून भलतीच टांचणें केलेलीं दिसतात. तीं पलटण व रेजिमेंट यांचीं आहेत.

दुसऱ्या महायुद्धांतील दिनमानहि असेंच हाताशीं ठेवावें. ३/५ ही पलटण १९४१ च्या मार्चांत एरिट्रियांतील केरेन येथें लढली. २/५ ही २१ जून १९४२ रोजीं टोब्रुक पडलें तेव्हां शत्रूच्या हातीं लागली; त्यानंतरचीं तिच्या शिपायांचीं पत्रें इटलींतील कैदखान्यांचीं असूं शकतात, व त्यांवर 'पी. एम्.' या अक्षरांपुढें जो आंकडा येतो तो इटालियन लष्करी टपालाचा, म्हणजे 'पोस्टा मिलितारे' याचा होय. १९४४-४५ सालीं १/५ व ३/५ या पलटणी इटलींत होत्या. नाईक यशवंत घाडगे यांनीं १० जुलै १९४४ रोजीं व शिपाई नामदेव जाधव यांनीं ९ एप्रिल १९४५ रोजीं व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला तो तेथेंच. त्या वेळच्या मराठा शिपायाच्या पत्रावर हिंदी फील्ड पोस्ट ऑफिसचा नुसता आंकडा असला, तरी पलटण व तारीख जुळली कीं इटलीच्या नकाशावर बोट ठेवतां येतें.

८. बनावट व भ्रम

जेथें मागणी तेथें बनावट. १९१५ च्या ऑगस्टांत ब्रिटिश फौजेनें बुशायर घेतलें व ऑक्टोबरपर्यंत ठेवलें. त्या थोड्या दिवसांत इराणी तिकिटांवर ताब्याचा मजकूर छापून तीं वापरलीं. मूळ संख्या थोडी म्हणून बनावट फार. 'आझाद हिंद' या नांवाचीं तिकिटें १९४३ सालीं जर्मनींत छापलीं गेलीं, परंतु तीं टपालांत कधीं चाललीं नाहींत. तेव्हां त्यांवर प्रवासाचा शिक्का असलेला लखोटा दाखविण्यांत आला, तर त्याविषयीं अधिक बोलण्याचें कारण उरत नाहीं. सर्वसाधारण कसोटी अशी ठेवावी कीं शिक्क्याची शाई तिकीट व कागद या दोहोंवर अखंड उतरली आहे काय, पुढील तारीख मागील तारखेच्या आधींची आहे काय, आणि पत्ता लिहिणाराचें अक्षर व आंतील पत्राचें अक्षर एका घरचें आहे काय. बनावट करणारा शिक्का कोरतो. पाठीवरील वांटणीचा ठसा जुळवून आणणें त्यास क्वचितच साधतें.

९. फलश्रुति

हा सर्व खटाटोप कशाकरितां, असें कोणी विचारील. इराकांत पडलेल्या व ज्यांची कबर ठाऊक नाहीं अशा चाळीस हजारांहून अधिक माणसांकरितां बसरा येथें स्मारक उभारलें गेलें. १९९७ सालीं तें मूळ जागेवरून हालविण्यांत आलें. त्यावर हिंदी अधिकाऱ्यांचीं नांवें होतीं. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्याच काय ती दिली होती. इंग्लंडांतील युद्धकबरींच्या आयोगाच्या विशेष समितीनें २०२१ सालीं कबूल केलें कीं, पहिल्या महायुद्धांत मेलेल्या हिंदी, आफ्रिकी वगैरे लोकांपैकीं निदान १,१६,००० जणांचें स्मरण नांवानिशीं झालेलें नाहीं, किंवा मुळींच झालेलें नाहीं. मुंबईस खलाशांचें स्मारक आहे. त्यांतहि दोन हजारांवर माणसें समुद्रांत गेलेलीं. आणि आपल्याकडील गांवांच्या वेशींवर व चावड्यांवर जे संगमरवरी दगड बसविलेले आहेत, त्यांवर या गांवांतून इतके गेले व इतके मेले, असे आंकडे आहेत, नांवें नाहींत.

अशा मनुष्याचा लखोटा सांपडला तर त्यावर काय असतें? त्याचा नंबर, हुद्दा, नांव, पलटण, गांव, घेणाऱ्याचें नांव, आणि अमुक दिवशीं तो जिवंत होता हें सांगणारा सरकारी शिक्का. जें दगडावर नाहीं तें या चार बोटें कागदावर आहे. तिकीट कापून घेणारा संग्राहक व पत्र ठेवून लखोटा फेकणारा वारस, हे दोघेहि अजाणतां या माणसाचा शेवटचा लेख नष्ट करतात.

म्हणून ज्यांच्या घरीं अशीं पत्रें असतील त्यांस आमची विनंति अशी : लखोटा व पत्र एकत्र ठेवावें; दोन्ही बाजूंचें छायाचित्र घ्यावें; पुसट ठशावर पेन्सिल फिरवूं नये; तिकीट पाण्यांत भिजवून काढूं नये; मनिऑर्डरीचें कूपन क्षुद्र समजून टाकूं नये. टांचण करतांना शिक्का जसा दिसतो तसा प्रथम उतरून घ्यावा, आणि आपलें अनुमान त्याखालीं निराळें लिहावें; न दिसणारें अक्षर भरून काढूं नये, तेथें टिंब द्यावें. अस्सल मोडी कागदाची नक्कल करतांना जो नियम आपण पाळतों तोच हा नियम.

सैन्याचें टपाल आजहि क्रमांकानेंच चालतें. '५६ ए. पी. ओ.' व '९९ ए. पी. ओ.' हे पत्ते महाराष्ट्रांतील सैनिकांच्या घरीं सर्वांस पाठ आहेत, युद्धनौकांचें टपाल मुंबईच्या 'फ्लीट मेल ऑफिस'कडे जातें, आणि १ मार्च १९७२ रोजीं स्वतंत्र दल झालेल्या लष्करी डाकखात्याचें शिक्षणकेंद्र नागपुराजवळ कामठी येथें आहे. क्रमांकामागें स्थळ लपविण्याची रीत चालू आहे, तोंपर्यंत क्रमांकामागील स्थळ शोधण्याची विद्याहि चालू राहिली पाहिजे. जिल्हावार अशा लखोट्यांची एक यादी झाली, आणि तींत क्रमांक, तारीख, पलटण व वांटणीचें डाकघर हे चार रकाने प्रामाणिकपणें भरले गेले, तर महाराष्ट्रांतील शिपायांच्या मुक्कामांचा कोष्टक आपोआप तयार होईल; आणि वेशीवरील दगडांतील आंकड्यांपुढें, एकेक करून कां होईना, नांवें लिहितां येतील.